बाके ओली का होती

मुलांना सहलीला नेण्यापूर्वी एका शिक्षकाने ती जागा स्वतः पाहून यावी, असा आमच्या शाळेचा जुना रिवाज आहे. तो कोणत्याही परिपत्रकात नाही. माझ्या आधीच्या मुख्याध्यापकांनी तो घालून दिला आणि निवृत्त होताना एक निळी नोंदवही माझ्या हाती ठेवली. पिण्याचे पाणी, मुलींसाठी स्वच्छतागृह, विहिरीला किंवा तळ्याला कठडा, जेवायला सावली असे रकाने तिच्यात आखलेले आहेत. पद्मालयाच्या गणपतीपासून तापीच्या पुलापर्यंत आम्ही जेथे जेथे मुले नेली, त्या प्रत्येक जागेला या वहीत एक पान आहे. गेल्या हिवाळ्यात प्रथमच मला एक नवा रकाना आखावा लागला. त्याचे शीर्षक होते, 'लहान मुलांना भीती वाटेल काय?'

त्याचे कारण असे की चौथीच्या मुलांनी यंदा देवळाला आणि धरणाला स्पष्ट नकार दिला. धुळे आणि शिरपूर यांच्या दरम्यान, आग्रा रोडच्या कडेला एक मनोरंजन उद्यान झाले आहे. तेथे भूतमहाल आहे, डरकाळ्या फोडणारे प्रचंड प्राणी आहेत, वादळाचा खेळ आहे, ही माहिती त्यांनी कोठून तरी मिळवली होती. आमची शाळा दोन शिक्षकी, एरंडोल तालुक्यातली; मी आणि वैशाली मॅडम. पहिली ते चौथीची मिळून एकेचाळीस मुले. एकच बस करायची म्हणजे सहा वर्षांची पोरेही त्याच बसमध्ये. मोठ्यांना जे हवे होते ते लहानांना सोसेल का, हे ठरवणे माझ्याकडे आले.

खरे सांगायचे तर माझ्या मनात सगळी लहान मुले नव्हती. एकच होती. दुसरीतली प्रज्ञा.

प्रज्ञाची आई लताबाई आमच्या शाळेत पोषण आहार शिजवते. दोन वर्षांपूर्वी पोळा होऊन गेल्यावर एका पहाटे गावनाल्याला पूर आला आणि बौद्धवाड्यातल्या खालच्या ओळीतील घरांत पाणी शिरले. प्रज्ञाच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, तिला आणि तिच्या आईला घराच्या धाब्यावर चढवले. नंतर शेळीचे दावे सोडायला ते खाली उतरले. शेळी पोहत निघून गेली आणि पाणी उतरल्यावर सापडली. आबा दुसऱ्या दिवशी सापडले.

त्यानंतर प्रज्ञा पहिलीत आली. ती बाकावर पाय वर घेऊन बसे. दप्तरही जमिनीवर ठेवत नसे. आम्ही तिला कधी काही म्हटले नाही. वर्गात चाळीस डोळे असतात आणि त्या सगळ्यांना कळलेले असते की याविषयी बोलायचे नाही. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर एके दिवशी कविता म्हणताना तिचे पाय बाकाखाली आले आणि हलू लागले. दारातून लताबाईने ते पाहिले. तिच्या हातात वरणाचे पातेले होते. ते तिने खाली ठेवले आणि पुन्हा उचलले.

म्हणून सहलीची गोष्ट निघाली तेव्हा लताबाई माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"गुरुजी, मॅडम सांगे, तठे अंधारामा काहीबाही दखाडतस. प्रज्ञाले धाडू का नको?"

"मी आधी पाहून येतो," मी म्हणालो.

"मंग तुमी सांगशात तसं. तुमी हां म्हनशात ते धाडसू."

मी निळी वही पिशवीत घातली आणि शुक्रवारी दुपारी निघालो.

एरंडोल ते धुळे

एरंडोलहून पारोळ्याकडे जाणारा रस्ता पौष महिन्यात पांढरा दिसतो. कापसाने भरलेले ट्रॅक्टर जातात आणि कडेच्या बाभळींच्या काट्यांना त्यांतला थोडा थोडा कापूस अडकून राहतो. दुरून पाहणाऱ्यास बाभूळ फुलल्यासारखी वाटते. जवळ गेल्यावर धुळीने मळलेले बोळे दिसतात. त्या दिवशी आभाळ भरलेले होते. शेतात उभा राहिलेला कापूस भिजेल या काळजीने बायका वाकून झपाझप वेचत होत्या आणि कोणी मान वर करून बसकडे पाहत नव्हते.

माझ्या शेजारी पागोटे घातलेले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांना धुळ्याला डोळे दाखवायचे होते. मी कोठे निघालो, हे त्यांनी पारोळ्याचा किल्ला येण्यापूर्वीच काढून घेतले.

"पोरेस्ले भ्याव दखाडाना पैसा लेतस तठे?"

"हो, नाना. तिकीट आहे."

"आमले ते आमना बाप फुकटमा दखाडे." ते बराच वेळ आवाज न करता हसले. मग माझ्या वहीकडे पाहून म्हणाले, "आनि तुमी काय, भ्याव मोजाले चालनात?"

मी त्यांना रकाने दाखवले. त्यांनी वही डोळ्यांपाशी नेली, लांब धरली आणि परत दिली. "माले काही दिसत नही," ते म्हणाले. "पन चांगलं शे. कोनी ते मोजाले जोयजे."

धुळ्यात माझी मोठी बहीण राहते. तिच्याकडे मुक्काम केला. अक्काने कळण्याच्या भाकरी आणि भरीत केले होते. भरताची हिरवी वांगी तिला आमच्याकडूनच जातात, तरी ते तिच्या हातचेच चांगले होते, हे मला दर वर्षी कबूल करावे लागते. जेवताना तिने माझ्या सदऱ्याच्या खिशाकडे पाहिले.

"भूत पाहायला चाललास आणि खिशाला दोन पेनं?"

"एक संपलं तर असावं."

"थांबेल हो भूत, तू रिफिल बदलेपर्यंत."

प्रज्ञाविषयी मी तिला सांगितले तेव्हा मात्र तिने थट्टा केली नाही. "मग तिला नेऊच नको ना," ती म्हणाली. "घरी ठेव."

मी तिला समजावले की चाळीस मुले बसमध्ये चढतात आणि एकच मूल रस्त्यावर उभे राहते, तेव्हा त्या एकाला जे वाटते तेही लहान नसते. प्रज्ञाच्या वर्गातल्या मुलींनी आतापासूनच जागा वाटून घेतल्या होत्या आणि खिडकीची जागा तिला दिली होती. अक्काने माझ्या ताटात आणखी भरीत वाढले. अक्का वाद सोडते तेव्हा वाढते, एवढे मला ठाऊक आहे.

आग्रा रोड

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याहून शिरपूरच्या बसने निघालो. सोनगीर येईपर्यंत धुके होते. तांब्यापितळेच्या भांड्यांची दुकाने उघडत होती आणि बाहेर मांडलेल्या हंड्यांवर दव साचले होते. नरडाण्यानंतर उत्तरेकडे सातपुडा दिसू लागतो. त्या दिवशी तो दिसला नाही, फक्त त्या दिशेचे आभाळ जास्त काळे होते.

उद्यानाच्या फाटकावर सिमेंटचा एक राक्षस बसवलेला आहे. त्याच्या उघड्या तोंडातून आत जायचे असते. ज्यांना लहान मुले न्यायची आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवावे की उजवीकडे साधे दारही आहे. पहारेकऱ्याला विचारले तर तो उघडतो.

मी फाटकावर माझे नाव, शाळा आणि येण्याचे प्रयोजन सांगितले. दहा मिनिटांनी निळ्या डगल्यातील एक चाळिशीचा गृहस्थ धावत आला आणि भर रस्त्यात माझ्या पायांवर वाकला.

"गुरुजी, ओळखलं नाही ना? दिनेश. पिंपळनेरकडची शाळा. विजेची घंटा."

तेव्हा ओळख पटली. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत मी साक्री तालुक्याच्या डोंगराळ भागात होतो. तेथे चौथीच्या वर्गाला खिळा, तांब्याची तार आणि बॅटरीचे दोन सेल घेऊन घंटा करायला शिकवली होती. दिनेशची घंटा वाजायची थांबलीच नव्हती. शेवटी मी सेल काढून घेतले होते.

"त्या घंटीवरच पोट भरतोय," तो म्हणाला. "इथले सगळे खेळ मीच चालवतो. आवाज, उजेड, पाणी. बायकोला मागणी घालायला गेलो तेव्हा सासऱ्याची बंद पडलेली मोटर चालू करून दिली. म्हणून तर दिली त्यांनी."

"मोटर?"

"पोरगी, गुरुजी."

मला फार बरे वाटले. शिक्षकाला असे फळ क्वचितच डोळ्यांनी दिसते. त्या आनंदाचा उल्लेख मी मुद्दाम करीत आहे. पुढे जे झाले त्यात त्याचा वाटा आहे.

प्रथम भूतमहाल पाहिला. आत पूर्ण अंधार सलग कोठे आणि किती वेळ असतो, ते मी आकडे मोजून टिपले. एका वळणावर वरून सांगाडा खाली येतो. उभे राहून पाहिले तर तो छातीशी थांबतो. मी गुडघ्यांवर बसलो, पहिलीच्या मुलाच्या उंचीवर डोळे आणले आणि दिनेशला तो पुन्हा सोडायला सांगितला. तो बरोबर तोंडासमोर येऊन थांबला. पहिली-दुसरीसाठी हा खेळ नको, असे मी तेथेच लिहिले.

बाहेर पडण्याच्या दाराशी हडळीचा वेष केलेली एक प्रौढ बाई स्टुलावर बसून डब्यातील भाकरी खात होती. मला पाहून तिने पिंजारलेल्या केसांवरून पदर घेतला. साक्रीकडच्या गावांत मी भोवाड्याची सोंगे पाहिली आहेत. पेटत्या टेंभ्यांच्या उजेडात वाघाचे, राक्षसाचे लाकडी मुखवटे नाचतात. तेथील लहान मुले भितात, किंचाळतात, पण सकाळी तोच मुखवटा कोणाच्या तरी ओट्यावर वाळत असतो आणि तो घालणारा माणूस त्यांचा काका असतो. भीतीला तेथे घर आणि नाव असते. मी दिनेशला सुचवले की मोठ्या मुलांनाही आत सोडण्यापूर्वी या बाई भाकरी खाताना दाखवाव्यात. तो हसला, पण बाई हसल्या नाहीत. "मंग मना डबा रोज दखाडू का?" त्या म्हणाल्या.

प्रचंड प्राण्यांचे वन निरुपद्रवी होते. डरकाळी मोठी, पण प्राणी जागचे हलत नाहीत आणि एकाच्या पोटावरचे रबर फाटून आतला चिंध्यांचा बोळा दिसत होता. 'योग्य' असे लिहिले.

राहिला तिसरा खेळ. त्याचे नाव 'वादळरात्र'.

हे एक उतरते सभागृह आहे. खाली पडदा, आणि त्याच्यासमोर होडीच्या आकाराची लाकडी बाके; पहिल्या चार ओळी सपाट जमिनीवर, बाकीच्या पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जातात. याच खेळाकरिता मी आलो होतो, हे मी दिनेशला सांगितले नाही. प्रज्ञाची गोष्ट परक्या गावी बोलावी असे मला वाटले नाही. मी खालच्या बाकाकडे निघालो तेव्हा त्याने माझा हात धरला.

"तिथे नको, गुरुजी. बाकं ओली असतात. वर माझ्या केबिनमध्ये या."

मी बाकावर हात फिरवून पाहिला. ते खरेच ओले होते. मी वही उघडली आणि स्वच्छतेच्या रकान्यात लिहिले: 'बाके ओलसर. मुले बसण्यापूर्वी पुसून घेण्यास सांगावे.'

केबिनमध्ये त्याने खुर्चीवर स्वतःचा टॉवेल अंथरला, चहा मागवला आणि काचेतून मला सगळा खेळ दाखवला. आभाळ दाटते, विजा चमकतात, लाटा उठतात, एक कोळी आणि त्याची मुलगी होडीत अडकतात. शेवटी पहाट होते, किनारा दिसतो आणि आई धावत येते. पडद्यासमोर तुषारांचा एक बारीक पडदा उडाला आणि विरला. अंधार चाळीस आकड्यांइतका. गडगडाट बेताचा.

"प्रेक्षकांच्या अंगावर पाणी येते काय?" मी विचारले.

"थोडंसं, गुरुजी. पोरांना मजा येते."

मी बराच वेळ विचार केला. पाणी दूर होते, पडद्यावरचे होते. शिवाय या गोष्टीत सगळे परत येतात. मला वाटले, जी गोष्ट प्रज्ञाच्या घरी तशी संपली नाही ती एकदा तरी तशी संपलेली तिने पाहावी. त्यातून तिला धीर येईल. आज त्या वाक्याकडे पाहताना मला त्यात शिक्षकाचा अहंकार दिसतो. तेव्हा मला त्यात शिक्षण दिसले होते. मी लिहिले: 'सर्व वर्गांस योग्य. बोधप्रद.'

दिनेशने जाताना माझ्या पिशवीत शिरपूरच्या पेढ्यांचा पुडा घातला. मी नको म्हणालो. तो म्हणाला, "चौथीत दोन सेल काढून घेतले होते तुम्ही. त्याची फेड समजा."

सोमवारी सकाळी लताबाई तांदूळ निवडत होती. मी तिला तिन्ही खेळांची हकीकत सांगितली. तिसऱ्याविषयी मी काही लपवले नाही. त्यात पाणी आहे, पण ते पडद्यावर आहे, हे सांगितले.

"तुमी स्वतः देखं?"

"स्वतः पाहिले."

"मंग धाडस," ती म्हणाली, आणि तांदळातला खडा काढून तिने बाजूला ठेवला.

सहल

सहलीच्या बसमध्ये काय होते ते सर्वांना माहीत आहे. गाणी, ओकाऱ्या आणि 'गुरुजी, अजून किती' हा प्रश्न. प्रज्ञा खिडकीशी बसली होती. तिचे पाय खाली होते. सोनगीरजवळ भांड्यांची दुकाने पाहून ती मला म्हणाली, "गुरुजी, हंडाच हंडा शेत." तो तिच्या तोंडून त्या दिवशी मी ऐकलेला पहिला आणि शेवटचा आनंदाचा शब्द.

नियोजनाप्रमाणे भूतमहालात फक्त तिसरी-चौथी गेली. वैशाली मॅडम त्यांच्याबरोबर होत्या; त्या तरुण आणि धीट. मुले आतून हसत बाहेर आली. एक मुलगा म्हणाला की हडळ त्याच्या आत्यासारखी दिसते. प्राण्यांच्या वनात पहिलीची दोन मुले रडली, पण पोटातल्या चिंध्या दाखवल्यावर थांबली. मी वहीत खुणा करीत होतो. सगळे माझ्या नोंदींप्रमाणे चालले होते.

'वादळरात्र'च्या दाराशी मी प्रज्ञाला म्हणालो, "माझ्याजवळ बस." तिने मैत्रिणींकडे पाहिले. त्या तिसऱ्या ओळीत धावत गेल्या होत्या आणि बाकावर हात आपटून तिला बोलावत होत्या. मी तिला जाऊ दिले. मला त्यात आनंदच वाटला. पहिलीची मुले घेऊन मी वरच्या ओळीत बसलो. शनिवारची दुपार असल्याने सभागृह भरले होते. बाके ओली होती. मुलांनी ती बाह्यांनी पुसली.

दिवे गेले. पहिला गडगडाट झाला आणि मला कळले की हा मी ऐकलेला आवाज नव्हे. तो बाकाच्या लाकडातून अंगात येत होता. माझ्या दोन्ही बाजूंच्या मुलांनी माझे हात धरले. मग लाटा उठल्या, वरून सडसडत पाणी आले, लोक आनंदाने ओरडले, आणि त्याच वेळी खालच्या ओळींतून वेगळा आवाज आला. जमिनीवरून पाणी येत होते. पडद्याच्या पायथ्याशी असलेल्या झडपांतून ते सुटले आणि पहिल्या चार ओळींच्या बाकांखालून, बसलेल्या माणसांच्या पायांवरून खळखळत गेले.

विजेच्या उजेडात मी प्रज्ञाला पाहिले. ती रडत नव्हती. ती बाकावर उभी होती. दप्तर तिने डोक्यावर घेतले होते आणि दुसऱ्या हाताने ती शेजारच्या मुलीला दंडाला धरून वर ओढत होती. एकीला वर घेतले, मग दुसरीला. त्या हसत होत्या. त्यांना तो खेळ वाटला. पुन्हा अंधार झाला. पुन्हा वीज चमकली तेव्हा ती तिसरीला ओढत होती.

मी पहिलीच्या मुलांचे हात सोडवले आणि पायऱ्यांनी खाली निघालो. माझा पाय पाण्यात पडला तोच तिने मला पाहिले.

"गुरुजी, खाले उतरू नका."

ती ओरडली नाही. मोठ्या माणसाला समजावून सांगावे तशी ती म्हणाली. मी थांबलो नाही. तेव्हा ती पुन्हा म्हणाली, "गुरुजी, आबा. आबा, खाले उतरू नका." दुसऱ्या वेळी ती माझ्याशी बोलत नव्हती.

दिवे लागले. दिनेशने केबिनमधून खेळ बंद केला होता. लोक कुरकुरले. मी तिला बाकावरून उचलले. तिने पाय माझ्या कमरेभोवती इतके घट्ट आवळले की बाहेर उन्हात आल्यावरही सोडवता आले नाहीत. दिनेश मागून धावत आला. काय झाले ते वैशाली मॅडमनी त्याला थोडक्यात सांगितले.

तो माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. "गुरुजी, त्या दिवशी मी खालचं पाणी बंद ठेवलं होतं. आवाजपण अर्धा केला होता. तुम्ही भिजू नये म्हणून. तुमचे बूट..."

त्याने मला दाखवला तो खेळ गुरुजींसाठी होता. ज्याच्या पायांवर कोणी वाकत नाही, त्याने पाहायचा खेळ मी पाहिलाच नव्हता.

परतीच्या बसमध्ये प्रज्ञा माझ्या शेजारी, पाय सीटवर घेऊन, बसली. पारोळा गेल्यावर तिने विचारले, "गुरुजी, आपलं घर शे ना?"

"आहे," मी म्हणालो. "नाला कोरडा आहे. आई वाट पाहत असेल."

तिने मान हलवली, ऐकले एवढेच.

गावात पोहोचलो आणि मी प्रज्ञाला उचलून घेऊन बसमधून उतरलो तेव्हा दिवेलागण होत होती. लताबाई शाळेच्या फाटकाशी उभी होती. मुलीचे पाय माझ्या कमरेभोवती पाहिले तेव्हाच तिला कळले. मी काहीही न गाळता, क्रमाने सांगितले. तिने मुलीला स्वतःच्या कडेवर घेतले. सात वर्षांचे मूल जड असते; ती किंचित वाकली.

"तुमी देखीसन उना व्हतात ना, गुरुजी?" ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखर समजून घ्यायचे होते की पाहून आलेल्या माणसाकडून हे कसे झाले. मी तिला केबिन, टॉवेल, चहा सगळे सांगितले. ओल्या बाकांचेही सांगितले. तिने ऐकून घेतले आणि ती घराच्या दिशेने चालू लागली. सोमवारी ती नेहमीप्रमाणे खिचडी शिजवायला आली. प्रज्ञाही आली. ती बाकावर पाय वर घेऊन बसली आणि दप्तर तिने मांडीवर ठेवले.

पुन्हा एकदा

पंधरा दिवसांनी एका रविवारी मी तिसऱ्यांदा गेलो. या वेळी अक्काकडे उतरलो नाही, दिनेशला कळवले नाही. रांगेत उभा राहिलो, तिकीट काढले, राक्षसाच्या तोंडातून आत गेलो. 'वादळरात्र'मध्ये तिसऱ्या ओळीत, प्रज्ञा बसली होती त्याच जागी बसलो. बाक ओले होते. मी ते पुसले नाही. माझ्या एका बाजूला शिरपूरकडचे एक कुटुंब होते. त्यांची पाच वर्षांची मुलगी आधीच्या खेळाने चिंब भिजलेली होती आणि पुन्हा आली होती. खेळ सुरू होण्यापूर्वीच ती हसत होती. हे लिहिणे आवश्यक आहे. तो खेळ वाईट नाही. तिच्यासाठी तो चांगलाच होता.

मी आकडे मोजायचे ठरवले होते. पाणी आले तेव्हा ते थंड होते आणि घोट्याच्या वर चढले. त्याला ओढ होती. पायांखालची जमीन निसटल्यासारखी वाटते. अकरापर्यंत मोजले आणि पुढचा आकडा आठवला नाही. शेजारची मुलगी पाण्यात पाय आपटत होती. मी पाय वर घेतले.

सोमवारी मधल्या सुट्टीत प्रज्ञा वर्गात एकटी बसून खिचडी खात होती. मी समोरच्या बाकावर बसलो.

"मी परत तिथे गेलो होतो," मी म्हणालो. "पाणी खरे आहे. मी आईला सांगितले ते चूक होते. घोट्यापर्यंत येते आणि मग मोरीतून निघून जाते."

तिने घास गिळला. "तुमी पाय वर लिधात?"

"घेतले."

"मंग बराबर," ती म्हणाली, आणि ताटलीतले मटाराचे दाणे एका बाजूला करू लागली. तिचे पाय बाकावरच होते. आज, हे लिहीत असताना, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली आहे. ते अजून बाकावरच आहेत. लताबाई अधूनमधून दारातून पाहते. मीही पाहतो.

निळ्या वहीतील त्या पानावरचे 'सर्व वर्गांस योग्य' हे शब्द मी खोडले नाहीत. पुढच्या माणसाला ते दिसले पाहिजेत. त्यांच्याखाली मी एवढे लिहिले आहे: 'पाहणीस जाणाऱ्याने आपण शिक्षक आहोत हे सांगू नये. दिलेल्या खुर्चीवर बसू नये. मुले बसतील त्याच बाकावर, इतर प्रेक्षकांबरोबर बसावे. बाके ओली दिसल्यास ती पुसण्यास सांगण्यापूर्वी, ती का ओली आहेत, हे विचारावे.'